एक कमी

मानवतच्या जिनिंगवर, काट्याच्या खोलीत
मी बसायचो रात्रपाळीला, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत.
भिंतीवर मीटर. त्यावर आठ आकडे ठोकलेले:
सात कोटी एकोणचाळीस लाख
पंचवीस हजार सहाशे तीन.
ट्रॅक्टर आला की वजन. नाही आला की हा.

पहिल्यांदा सहज म्हणून बघितलं.
दोनानं जात नाही, ते दिसतंच.
आकड्यांची बेरीज पस्तीस, तीनाचा प्रश्न मिटला.
पाच तर दारातूनच माघारी.
सातानं भागलं, तीन उरले.
अकरानं, चार. तेरानं, अकरा.
सतरानं पंधरा उरले तेव्हा मला तो आवडायला लागला.

भरल्या ट्रॉलीतून रिकामी वजा केली की कापूस कळतो,
एवढंच माझं गणित.
आता पावत्यांच्या पाठीवर भागाकार, सरकीच्या वासात,
रात्रीला आठ, कधी दहा.
ज्यांना स्वतःला कुणी भागत नाही तेच भाजक घ्यायचे,
आणि वर्गमूळ आलं की थांबायचं,
त्याच्यापुढं शोधणं म्हणजे तीच वाट उलटी चालणं.
मठपती सरांचं दहावीतलं एवढंच ध्यानात राहिलेलं.

लाईट गेली की मीटरचा लाल डोळा मिटायचा,
मी मोबाईलच्या उजेडात हातचे धरायचो.
बायको म्हणाली, "त्याला फुटायचंच नसंल तर?"
मीही मनात तेच धरून चाललो होतो.
फाल्गुनात हजारावर भाजक होऊन गेले.
आठ हजार पाचशे एक्क्याऐंशी. नाही.

त्या रात्री रोलरचं बेअरिंग बदलून
मुनीर मिस्त्री चहाला आले. पावती उलटी धरली.
जन्मभर पत्रे मापलेला माणूस, चौरसातच बघणार.
"शहाऐंशीशेला शहाऐंशीशे लाव," म्हणाले,
"आता दोन घरं खाली उतर."
ग्रीसच्या बोटानं मांडलं, मग हसले:
"ह्यो तर चौरसच व्हायलाय की रे.
एक कमी पडायलाय फक्त."

एक.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवचा वर्ग, त्यातून एक.
म्हणजे त्याच्या अलीकडचा गुणिले पलीकडचा.
अलीकडचाच भाजक माझा राहिला होता. शेवटचा.
तिथं कंटाळलो असतो तर
त्याला अविभाज्य म्हणत हिंडलो असतो मानवतभर.

सत्त्याण्णव आणि नव्याण्णव, आठ हजार पाचशेच्या पुढचे.
दोघंही तपासले. दोघंही कुणाला भागू देत नाहीत.
मध्ये एक जागा सोडून बसलेले,
चार महिने, माझ्या डोक्यावर, मीटरच्या डबीत.

मिस्त्री कपबशी धुऊन ठेवून गेले.
आनंद झाला का, सांगता येत नाही.
भरली गाडी उतरून गेल्यावर काटा थोडा वेळ
शून्यावर येत नाही, हलत राहतो, तसं.

चैत्रात बोर्डाची माणसं आली,
जुना मीटर काढून पोत्यात टाकला, नवा बसवला.
दोन दिवस मी त्याच्याकडं बघितलंच नाही.
मग बघितलं. चारावर संपतो.