लाल पेटी

सिंधू गडनीसांचं मला एकच गाणं माहीत होतं,
जे सगळ्यांनाच माहीत असतं.
दांडिया बाजारातल्या हॉलात साखरपुडा असला
की अंगठीच्या वेळी हमखास लागतं,
आणि कुणी विचारलं, कोण गातंय हो,
तर मी ऐटीत सांगायचो, सिंधू गडनीस.
इथवर माझं रसिकपण.

मकरपुऱ्याला बेअरिंगच्या कारखान्यात
मी आवाज तपासतो.
पोटासाठी ऐकतो, म्हणा ना.
बेअरिंग फिरवायचं, नळी कानाला लावायची,
गुळगुळीत सूं निघाला तर हिरवी पेटी.
मध्येच खर्र झालं, एखादा छर्रा अडखळला,
तर लाल.
सव्वीस वर्षं.
घरी मिक्सर लावताना बायको म्हणते,
याला तरी नापास करू नका.

रात्रपाळीत साडेनऊला जेवणाची सुट्टी.
गेटवर हरमानभाईंचा रेडिओ,
पाठीचं झाकण रबरबँडने बांधलेलं,
सेल उन्हात तापवून पुन्हा घातलेले.
त्यांना हवी असतात भजनं.
एका बुधवारी काटा सरकवताना बोट जरा पुढे गेलं
आणि सावकाश मराठीत एक बाई म्हणाली,
आता ऐकू या सिंधू गडनीस यांची
फारशी न वाजलेली...
मी डबा झाकत म्हटलं, रहेवा दो, हरमानभाई.

पहिलं गाणं हरवलेल्या किल्लीचं.
तबला जवळजवळ नाहीच,
कुणीतरी लांब बसून पाट थोपटतंय, इतकाच.
दुसरा गरबा, चक्क गुजरातीत.
हरमानभाई हसून हसून खोकले :
आ तो तमारा जेवुं गुजराती बोले छे!
खरंच. तिचा ळ आमच्या आत्याचा होता,
रावपुऱ्यात भाजी घेताना लागणारा.

तिसऱ्याच्या आधी निवेदिका म्हणाली,
या ध्वनिफितीचा शेवट उपलब्ध नाही.
अंतऱ्याला वर चढताना
आवाज खरवडला, थांबला,
ती स्वतःशीच हसली, पेटीवाल्याला म्हणाली,
अहो, पुन्हा घेऊ.
आणि ते कापायचं कुणीतरी विसरलं होतं.
पुन्हा घेतलं. या वेळी चढली,
टोकावर जाऊन उभी राहिली,
तिथेच फीत संपली.
चार-पाच सेकंद नुसती खरखर.
मग जनावरांच्या खाद्याची जाहिरात.

माझा हात आपोआप उजवीकडे गेला होता.
तिथे लाल पेटी नव्हती,
हरमानभाईंची काठी होती.

सात मिनिटं उशिरा लाइनवर पोचलो.
पंड्यासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

मग सेल मीच आणू लागलो.
रिजेक्शनच्या चिठ्ठ्यांच्या मागे
गाण्यांची पहिली ओळ लिहायची,
ऐकू येईल तशी, निम्मी चुकीची.
दोन बुधवार क्रिकेटने खाल्ले,
एक माझ्या सर्दीने.
केंद्राला पत्र टाकलं :
ते शेवट नसलेलं पुन्हा लावाल का.
पत्रोत्तरांत वाचलं त्यांनी,
मकरपुऱ्याहून श्री. दिवे लिहितात.
मी दिघे. पण असो,
गाणं लावलं नाहीच,
फीत आता मशीनवर चढवण्याजोगी राहिली नाही म्हणे.

परवा भाचीचा साखरपुडा.
हॉल तोच, गुरुजी मोबाइलवर बोलतायत,
आणि अंगठीच्या वेळी लागलं, तेच,
सगळ्यांना माहीत असलेलं.
मी पेढा तोंडाशी नेला होता.
दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
तिने श्वास घेतला
आणि त्या श्वासात एक बारीक खर्र.
म्हणजे अगदी बारीक, पण आहे.
शेजारी मेहुणा उभा होता,
त्याला म्हटलं, ऐकलंस?
तो म्हणाला, हो, आवाज फार मोठा लावलाय.

इतकी वर्षं मी हे
नळी न लावताच पास करत होतो.

भाचीने बोट पुढे केलं.
अंगठी पेऱ्याशी अडली,
जरा फिरवली, मग गेली.