के, आणि पुढे विसर्ग

शून्यावर नेहमी स्वतःचंच नाव,
मागणं सुरू होतं ते एकपासून.
सी भाषा असं मोजते. तार्तूची माणसंही तशीच,
नाव सांगतात आणि मग बराच वेळ गप्प बसतात.

जानेवारी. एमायगी नदी गोठलेली.
मोजणी कार्यालयाच्या तळघरात रेडिएटर खाकरतोय.
मारिका तेद्रेपुढे एकतीस वर्षं जुना प्रोग्राम,
नाव ‘यॅ’, म्हणजे बर्फ.
लिहिणारा हेल्दुर ऑर्गुसार. आधी पेन्शनीत गेला,
मग त्याच्याही पलीकडे.
मागे ही फाइल, टॅब आणि स्पेसची खिचडी,
आणि वरून आलेला निरोप: साफ करा.

मेनच्या उंबरठ्यावर शब्द रांगेत उभे,
किती आहेत ते आधीच मोजलेलं.
गेटऑप्ट एकेकाचं कपाळ बघतो:
आडवी रेघ असेल तर बोल, काय हवं.
एका रेघेला लटकून दोघंतिघं आली तरी चालतात,
एकाच तिकिटावर.
अनोळखी निघाला तर प्रश्नचिन्ह परत करतो.
सगळे संपले की उणे एक.

परवानगीची यादी एवढीशी:
एच, व्ही, ओ आणि दोन ठिपके,
के आणि दोन ठिपके.
ठिपके म्हणजे, याच्यामागून आणखी कुणी येतंय,
दार लोटू नका.
विसर्गच तो. दुःखातला.
अक्षर संपलं, श्वास उरला.

ओला फाइलचं नाव लागतं, हे कळलं.
केला काय लागतं?
तिने स्विचमधली के ची खोली उघडली.
एकच ओळ: आलेला शब्द एका पॉइंटरात ठेवायचा.
ब्रेक.
पुढे तो पॉइंटर कुणीच वाचत नाही.
कंपायलरसुद्धा कुरकुरतो, ठेवलंत, वापरलं नाहीत.

तिने के उडवला. घरी जाऊन बटाटे उकडले.

पहाटे तीन दहाला रोजची हाक आली
आणि यॅने प्रश्नचिन्ह परत केलं.
पुलाखालच्या बर्फाचा आकडा निघालाच नाही.
सहाला उर्मास किविसिल्डचा फोन,
हातात गळ, पाठीवर बर्फ भोकायचं गिरमिट:
‘बाई, पाय ठेवू की नको?’

मग तिने रात्रीची ती हाक शोधून वाचली.
यॅ, व्ही, के साल्मे,
दोन रेघा, आणि शेवटी फाइल: उणे अठरा.

साल्मे.
हिशेबनीस वाइके त्या काळातली एकटीच उरलेली.
‘हेल्दुरची कुत्री असेल. नाहीतर होडी.
बायको तर लिंदा होती,’
म्हणाली, आणि कॉफीत साखर जास्तच ढवळत राहिली.

म्हणजे एकतीस वर्षं, रोज तीन दहाला,
एका नावाला आत बोलावलं गेलं,
बसायला जागा दिली गेली,
काम कधीच सांगितलं नाही.

मारिकाने के परत बसवला, ठिपक्यांसकट.
वर टिपणी लिहिली: ‘गरजेचं’. खोडली.
‘काढू नये’ लिहिलं. ते राहू दिलं.

दोन रेघांचं कारण मात्र हेल्दुरने लिहून ठेवलं होतं.
फाइलींना नावं त्या रात्रीच्या तापमानाची.
उन्हाळ्यात काही अडत नाही.
थंडी पडली की नावाच्या आधी उणे लागतं,
आणि प्रोग्राम हटकतो, एक? हा कुठला पर्याय?
म्हणून दोन रेघा:
यापुढे कुणी कपाळावर रेघ घेऊन आला
तरी तो काही मागायला आलेला नाही.
ते त्याचं नाव आहे. तसंच घ्या.

नऊ वाजून गेले होते. तिने हाताने चालवला:
यॅ, व्ही, के साल्मे, दोन रेघा, उणे अठरा.
उर्मासने पहिल्याच घंटेला उचलला.
‘एकोणीस सेंटिमीटर,’ ती म्हणाली. ‘ठेवा पाय.’