तीन प्रतींत

क्षेत्रीय कार्यालयासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
एका प्रतीचे दोन रुपये, पाठपोट तीन.

वादळ कोकणात उतरलं तेव्हा
पुण्यात आम्ही बातम्या बघत चहा पीत होतो.
समुद्र आपला नाही,
मग वादळ तरी आपलं कसं?

रात्री अकराच्या सुमारास पर्वतीच्या उतारावरून पत्रे सुटले.
एक माझ्या शटरला येऊन धडकला
आणि उजाडेपर्यंत वाजत राहिला,
उधारी मागायला आल्यासारखा.
उजाडल्यावर बघते तर
वस्तीतल्या पाच घरांवर पर्जन्यवृक्ष आडवा,
मुळं रस्त्यावर, शेंडा हमीदा तांबोळीच्या चुलीत.

वीजवाले म्हणाले, आधी झाड काढा, मग तार बघू.
उद्यानवाले म्हणाले, आधी तार काढा, मग झाडाला हात लावू.
दोघंही खरं बोलत होते.
दोघंही जेवायला गेले.

कार्यालयाची लाईन वेगळी, म्हणून तिसऱ्या दिवशी माझीही आली.
लगेच रांग लागली.
अर्ज, आधार, रेशनकार्ड, घराचा फोटो, सगळं तीन प्रतींत.
हमीदानं पदराच्या गाठीतून कार्ड काढलं,
पापडासारखं उलगडलं.
मशीनमधून नुसता काळा कागद आला.
पुन्हा काढला, पुन्हा काळा.
ती म्हणाली, राहू दे, त्या रात्रीचा फोटो म्हणून लावते.

चौथ्या दिवशी मोठे साहेब आले.
गाडीची काच अर्धी खाली आली,
पंचनामा होईल, असं काचेतून ऐकू आलं,
काच वर गेली.
त्या दिवशी लोक ओरडले.
पाचव्या दिवशी कमी ओरडले.
सातव्या दिवशी कुणीतरी खोडाला पुठ्ठा बांधला:
'येथे झाड पडले आहे.
पाहून झाले असल्यास उचलावे.'
लोक लांबून फोटो काढायला आले,
उचललं कुणीच नाही.

नवव्या दिवशी बबन पासलकर
टिंबर मार्केटातून भाड्यानं करवत घेऊन आला.
घरटी पन्नास रुपये.
मी शंभर दिले, कारण मला रोज तो पत्रा दिसत होता.
तार त्यानंच बांबूनं बाजूला सारली,
आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले,
काही झालं नाही.
संध्याकाळपर्यंत फांद्या बायकांच्या डोक्यावर,
ओंडके रस्त्याच्या कडेला,
आणि हमीदाच्या शिलाई मशीनचं चाक फिरतंय का ते बघायला
वीसएक माणसं वाकलेली.
फिरत होतं. थोडं अडकत होतं.

अकराव्या दिवशी सरकार आलं.
कागदावर आलं, घरटी एक.
विनापरवाना वृक्षतोड. सात दिवसांत खुलासा करावा.

सगळे माझ्याकडेच आले. कुणी बोलत नव्हतं.
बबन म्हणाला, कापून टाक दुकानाच्या दिव्याचा आवाज,
म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही, त्यालाही नसावं.
मग हिराबाई लोंढे, चौथी शिकलेल्या,
चष्म्याची एक काडी धरून मोठ्यानं वाचायला लागल्या:
'सदर वृक्ष वादळात घर क्रमांक सतरावर कोसळलेला असताना...'
त्या थांबल्या.
पुन्हा वाचलं. कोसळलेला असताना.
खाली सही. गोल शिक्का.
अगं, म्हणाल्या, हेच तर आपण मागत होतो!

त्या दुपारी मी नोटिशीच्या प्रती काढल्या, शाई संपेस्तोवर.
पाचही घरांच्या अर्जाला पुरावा म्हणून
त्यांचाच कागद टाचला.
खिडकीतला माणूस बराच वेळ बघत राहिला
आणि शिक्का मारला.
शिक्क्यावर तारीख मागच्या वर्षीची होती,
फिरवायची राहिली होती.
बदलून द्या म्हटलं, तर म्हणाला, त्याचा अर्ज वेगळा.

तो अर्जही माझ्याकडे मिळतो. दोन रुपये.

पत्रा अजून शटरशेजारी उभा आहे.
कुणाचा आहे ते कळलं नाही.
रांगेतले लोक दुपारी त्याच्या सावलीला सरकतात,
आणि कुणी ना कुणी हात लावून बघतं,
आपला आहे का.