मुद्रितशोधन

भाषांतरित कादंबरी आहे. तीनशे बारा पानं.
देशाला नाव नाही, नदीला आहे.
प्रकाशक म्हणाला, सोमवारपर्यंत द्या मावशी,
आणि ऱ्हस्व-दीर्घ जरा नीट बघा, अनुवादक नवा आहे.

भांडुपला, खिडकीपाशी बसते.
समोर टॉवर उठतोय, प्रत्येक पान आधी पदरानं पुसावं लागतं.
हिरवी पेन्सिल. लाल मला चालत नाही.

हुकूमशहा दोनदाच येतो.
पान एक्केचाळीसवर तो नाण्यावर आहे.
पान दोनशे सहावर त्याची दाढ दुखते
म्हणून शहरातली मिठाईची दुकानं बंद.
एवढंच.
बाकी सगळं पुस्तक म्हणजे एक बाई
बटाटे सोलता सोलता आवाज खाली आणायला शिकते,
आधी मुलांशी,
मग नवऱ्याशी,
मग एकटी असताना.

आधी वाचलेल्या निराळ्या होत्या.
बूट, मिशा, तळघर, डोळ्यांवर दिव्याचा झोत.
वाचून बरं वाटायचं, की चला,
असलं काही आपल्याकडे झालं नाही.
आमच्या फणसवाडीत तेव्हा तेल स्वस्त झालं होतं.
दुधाच्या केंद्रावर रांग सरळ.
शिस्त आली हो, असं बाबाच म्हणाले होते.
हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

बाबा खिळे जुळवायचे, ठाकुरद्वारच्या छापखान्यात.
संध्याकाळी पानं साहेबाकडे जायची
आणि लाल होऊन परत यायची.
मग जुळवलेला शब्द चिमट्यानं उपसायचा,
त्या जागी कोरं शिसं ठोकायचं,
नाहीतर अख्खं पान ढिलं पडतं.
कोऱ्या जागेलाही शिसं लागतं गं, म्हणायचे,
तेवढंच. वजनात फरक नाही.

एकदा जेवणाच्या डब्यातून तीन खिळे घरी आले.
अ, ट, क.
मी पाच वर्षांची. अक्षरं उलटी.
आईच्या काजळात बुडवून वहीवर उमटवले.
कट झाला. टक झालं.
अ उरायचा, त्याचं काय करावं कळेना.
बाबांनी वही पाहिली आणि
पहिल्यांदाच मला मारलं.
नंतर पाठीवरून हात फिरवत बसले, भाजी थंड होईस्तोवर.

त्याच साली वरचे परुळेकर मास्तर गावाला गेले.
गाव कुठलं, कुणी विचारलं नाही.
छत्री राहिली गॅलरीत, खिळ्याला.
आई रोज झटकायची. उघडायची नाही.

आणि आता पान एकशे अठ्ठ्याण्णव:
बाईच्या जिन्यात शेजाऱ्याचा कोट टांगलेला.
चार ऋतू.
ती दर ऋतूला खिशातली डांबरगोळी बदलते.
त्या नदीकाठच्या लेखकाला
आमची छत्री कुणी दाखवली?

अनुवादकाची तळटीप आहे तिथे:
‘शेजाऱ्यास अटक झाली असावी, असे सूचित होते.’
शुद्धलेखन बरोबर. तिन्ही अक्षरं सरळ.
मी समासात लिहिते, टीप काढावी,
कोट पुरेसा आहे.
फुली मारते, ठळक.
आणि हात तसाच राहतो कागदावर.
हा शब्द
दुसऱ्यांदा निघाला छापखान्यातून,
या खेपेला माझ्या हातून, चांगल्या मराठीसाठी.

फुलीखाली ठिपके देते. आमच्या धंद्यात ठिपके म्हणजे
राहू द्या.
मग ठिपकेही खोडते. मग रबर शोधते.
पान पार मळलंय.
सोमवारी पोऱ्या येईल, त्याला म्हणेन
हे एक अनुवादकाला विचारा.

कादंबरीत कोटाचा माणूस परत येत नाही.
मास्तर आले. एकोणीस महिन्यांनी, दोन दात कमी.
खिळ्यावरची छत्री काढली,
म्हणाले, गावी पाऊस चांगला झाला यंदा.
आई म्हणाली, हो का.
बसा ना. चहा टाकते.