खाडी, आवृत्ती एकतीस

सानपाड्यात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
दर शनिवारी साडेपाचला मी पट उलगडते.
पट म्हणजे चार पुठ्ठे, पाठीमागून चिकटपट्टी,
आणि सगळ्यावर ज्वारीच्या पिठाची बारीक साय.

पहिल्या शनिवारी एकवीस जण आले होते.
खुर्च्या पुरेनात, चहा दोनदा मागवला.
मी म्हणाले, दिवाळीपर्यंत खेळ दुकानात.
कुठली दिवाळी ते बोलले नाही,
तेवढं एक शहाणपण.

मग आवृत्ती चार. मग नऊ.
पत्ते कापून कापून अंगठ्याला घट्टा.
सोळाव्या आवृत्तीत मी पूल काढून टाकला,
विघ्नेशची सगळी मदार पुलावर, तो रुसला.
सतराव्यात पूल परत आला
तोवर विघ्नेश नोकरीसाठी बंगळुरूला.

काय काय केलं नाही माणसं टिकवायला!
नव्या पत्त्यांची चित्रं दाखवली अर्धीमुर्धी,
नवरीचा पदर सासूने जरासाच सारावा तशी.
भेळ ठेवली. बिल्ले छापले, 'मी खाडीत पडलो'.
बिल्ले संपले.
पुढच्या शनिवारी आम्ही पाच.

त्या पाचांत दिवाळे गावचे हिराजीकाका,
नातवाला सोडायला आलेले, नातू कंटाळून गेला, हे बसलेले.
त्यांनी पटावरचे फासे उचलले, तळहातावर तोलले.
"भरती काय फाशावर येते गं पोरी?
तिथी बघ. अष्टमीला भांग, पुनवेला उधान."
झालं. अठ्ठेचाळीस पत्ते रद्दीत,
तीन आठवडे मी तिथीचं चक्र कापत बसले,
फासे गिरणीवाल्याच्या पोराला दिले.
नव्या चक्राच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात,
लिहिलं: हिराजी.
त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.
काही बोलले नाहीत.
पुढच्या शनिवारी भावजयीला घेऊन आले,
आणि भावजयीच्या शेजारणीला.

सातवीतली शाल्मली वेगळीच.
खारफुटीच्या घरात जाऊन बसायची, हलायचीच नाही,
सलग आठ डाव अशीच जिंकली.
मी चिडले. ती म्हणाली,
"नियमात कुठं लिहिलंय, हललंच पाहिजे?"
तिच्यासाठी चिखल आला. आवृत्ती चोवीस.
दोन फेऱ्या बसलात की एक पाय रुततो.
तिच्या वहीत माझ्या चुका आहेत, अनुक्रमांक एकशे बारापर्यंत,
सुधारलेल्यांवर हिरवी बरोबरची खूण,
उरलेल्या ती मला दर आठवड्याला
शांतपणे वाचून दाखवते.

आणि पिवळी होडी हरवली होती.
पिल्लई सरांनी स्वतःच्या शर्टाचं बटण काढून ठेवलं,
खालून दुसरं, चार भोकांचं.
चौदा महिने बटणच मासे धरायला गेलं,
बटणच उधाणात बुडालं,
बटणाला शेजारीणबाई 'अण्णा' म्हणायला लागल्या.

परवा बंगळुरूहून पाकीट आलं.
आत होडी, आणि चिठ्ठी:
जीन्सच्या खिशात होती. सॉरी.
पूल परत आणलास म्हणे. माझ्यामुळे?

मी होडी पटावर ठेवली.
कुणी हात लावला नाही.
पिल्लई सर म्हणाले, "अण्णाच राहू दे."
त्यांचा शर्ट अजून तिथे उघडाच.

आता तुर्भ्याचा छापखानेवाला विचारतो,
खोक्यात काय काय, यादी पाठवा.
पट एक. चक्र एक. पत्ते शहाण्णव.
होड्या तीन. बटण एक.
"बटण? कसलं बटण, मॅडम?"
मी म्हटलं, सोमवारी सांगते.

शाल्मलीने वही मिटली.
"खोका आला की मग शनिवारी काय?"
यावर माझ्याकडे नियम नव्हता.
खाली गिरणी बंद झाली, टेबलाची थरथर थांबली.
हिराजीकाकांनी चक्र फिरवलं, बोट ठेवलं.
"येत्या शनवारी अष्टमी हाय.
भांग. पानी हलनार नाय.
सावकाश खेलू."