एक्क्याऐंशीवा तास

ऐंशी तास, न्यायाधीशबाई म्हणाल्या,
कागदावरून मान वर न करता.
डिसेंबरातली रात्र, ट्रक, पोटात जिनची अर्धी बाटली,
आणि एका फुलवाल्याचं चेपलेलं शटर.
कुणी मेलं नाही, हे नशीब माझं की त्यांचं
ते अजून ठरलेलं नाही.

रॉटरडॅमच्या पश्चिमेला, कालव्याकाठी,
जुन्या अग्निशमन दलाच्या गॅरेजात
पोरांना सायकली दुरुस्त करायला शिकवतात.
तिथे धाडलं मला.
तेर्प्स्त्राबाई वहीत माझी वेळ लिहीत,
पेन्सिलीनं, मिनिटांसकट.
पहिल्या दिवशी मी त्या वहीकडे एकोणीस वेळा पाहिलं.

मग एल्व्हिनो आला. तेरा वर्षांचा,
केप व्हर्देहून आलेल्या आजीचा नातू,
शाळेनं 'थोडे दिवस घरी राहा' म्हटलेला.
खांदे असे आखडलेले, जणू मागून धक्का बसणारच आहे.
मी म्हणालो, पाना दे.
त्यानं हातोडी दिली.
मी ओरडलो.
सव्वीस वर्षं केबिनमध्ये एकटा असलेला माणूस
इंजिनाच्या वरच्या पट्टीत ओरडतो.
त्यानं हातोडी खाली ठेवली, जराही आवाज न करता,
आणि तीन शनिवार फिरकला नाही.

त्या तीन शनिवारांचे बारा तास
माझ्या खात्यावर जमा झाले.
वहीत काहीच चुकलेलं नव्हतं.
'हातोडी का दिली, ते विचारलंत?'
तेर्प्स्त्राबाईंनी विचारलं, पेन्सिलीला टोक करता करता.

चौथ्या शनिवारी तो आला
आजीची बाजाराची ढकलगाडी घेऊन, एक चाक निखळलेलं.
माफ कर, मी म्हणालो. चाकाकडे बघून.
मग विचारलं.
'नट गंजला होता. आधी चार बाजूंनी ठोकायचा,
मग पाना लावायचा.
मामा गोदीत असंच करतो.'
बरोबर होतं त्याचं.
मी त्या दिवशी पाना लावून त्या नटाचे कोपरेच झिजवून टाकले होते.

एकदा पंक्चर शोधायचं घमेलंच गळकं निघालं.
एल्व्हिनोनं ट्यूब फुगवली, गालाजवळून हळूहळू फिरवली,
डोळे मिटून.
'इथे. गालाला कळतं.'
मी करून पाहिलं. मला काही कळेना.
'दाढी काढा,' तो म्हणाला.
अकरा वर्षांची होती ती.
पुढच्या शनिवारी मी नवा चेहरा घेऊन गेलो, एक-दोन ठिकाणी कापलेला,
पोरं पोट धरून हसली,
आणि मला ती हवा लागली:
बारीक, गार,
कुणी अगदी जवळ येऊन
नाव घेण्याआधी श्वास घ्यावा, तशी.

बदललो वगैरे म्हणणार नाही.
शुक्रवारी संध्याकाळी अजून घसा कोरडा पडतो,
त्या फुलवाल्याच्या रस्त्यानं मी अजून जात नाही.
जाईन.

ऐंशीवा तास मे महिन्यात संपला.
बाईंनी पट्टी घेऊन रेघ मारली, सही घेतली, कॉफी दिली.
पुढच्या शनिवारी मी दारात उभा.
'तुमचं नाव आता वहीत नाही.'
माहीत आहे, मी म्हणालो, आणि बाह्या वर केल्या.

आत एल्व्हिनो उकिडवा बसला होता
एका नव्या मुलीसमोर. रीमास, नऊ वर्षांची,
हलबहून आलेली, भाषा अजून तुटक.
पाना दे, तो म्हणाला.
तिनं पंप दिला.
त्याची छाती भरून आली, तोंड उघडलं,
आणि मी ओळखला तो आवाज, बाहेर पडायच्या आधीच,
माझाच होता.
मी मान खाली घालून साखळीला ग्रीस लावत राहिलो.

'पंप कशाला?' त्यानं विचारलं.
ती सांगू लागली, दोन भाषांत, दोन्ही हातांनी,
भलतंच काहीतरी, पार विमानापर्यंत जाऊन आली.
तो ऐकत राहिला.
किती वेळ गेला, कुणी लिहून ठेवलं नाही.