बॅलन्सचं बटण

पप्पांचा डावा कान फॅक्टरीतच राहिला,
खडकीला, एकोणऐंशीच्या मार्चमध्ये.
भरपाईचे पैसे आले तेव्हा आईला वाटलं, फ्रिज.
आला रेकॉर्ड प्लेयर. दोन स्पीकरचा.
‘एका कानाच्या माणसाला दोन स्पीकर कशाला?’
रेंजहिल्सच्या आमच्या बिल्डिंगीत
हे प्रत्येकाने एकदा तरी विचारून घेतलं.
पप्पा उजव्या कानाने ऐकायचे, डाव्याने सोडून द्यायचे.

रेकॉर्डी मिळाल्या जुन्या बाजारात, एका बुधवारी,
कुकरच्या शिट्ट्या आणि सायकलच्या चेनींच्या शेजारी.
कुणी जर्मन साहेब पिंपरीहून परत गेला होता,
त्याच्या खानसाम्याने विकलेल्या:
अकरा रेकॉर्डी, आणि बाराव्या रेकॉर्डचं नुसतं कव्हर.
कव्हरचेही दोन रुपये दिले त्यांनी.
म्हणाले, सापडेल की कधीतरी आतला माणूस.

कव्हरांवर केसांचे टोप घातलेले गृहस्थ.
आई त्यांना जज्ज म्हणायची,
आणि ते वाजू लागले की आवाज कमी करून
कांदे चिरायची.

खुर्ची दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, हाताच्या अंतरावर.
भिंतीकडे तोंड केलं की उजव्या कानाशी चेलो,
त्यांच्या मागे ते जाडजूड बास,
रात्री सायडिंगला लागणाऱ्या मालगाडीसारखे.
बाजू संपली की पप्पा उठायचे,
खुर्ची फिरवायचे, दाराकडे तोंड करायचे
आणि तीच बाजू पुन्हा लावायचे,
आता व्हायोलिनांसाठी.
अर्धं आणि अर्धं.
जोडकाम रात्री, पडल्या पडल्या, डोक्यात.
वेल्डर होते. सांधा दिसू द्यायचे नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरला बॅलन्सचं बटण होतं.
फिरवलं असतं तर सगळं एका बाजूला आलं असतं.
मी दाखवलं होतं, सातवीत असताना.
‘म्हणजे त्यांनी जागा सोडायची? माझ्यासाठी?’
बटण कायम मधे. त्यावर बोराएवढी धूळ.

वेगवान, संथ, वेगवान.
पहिली पाळी, जेवणाची सुट्टी, दुसरी पाळी,
असं त्यांनी मला शिकवलं,
आणि अजून मला ते तसंच ऐकू येतं.
चौथ्या रेकॉर्डवर सुट्टी सुरू होण्याआधी
उजवीकडे कुणाची तरी खुर्ची करकरते.
तिकडे कुठेतरी, एका थंड हॉलमध्ये,
एक बासवाला बूड सावरून बसतो.
पप्पा बोट वर करायचे. ‘आला.’
त्याचं नाव त्यांनी कांबळे ठेवलं होतं,
लेथवरच्या कांबळेंवरून, तेही असेच चुळबुळे.

नंतर ओजस खळदकर यायला लागला, औंधचा,
हेडफोन गळ्यात, बोलायला गोड.
म्हणाला, काका, आता हे असं कोणी वाजवत नाही.
आता चौदा माणसं पुरतात, आतड्याच्या तारा,
पट्टीही अर्ध्या सुराने खाली. हे फार गर्दीचं होतं.
पप्पांनी त्याला चहा दिला, नीट ऐकून घेतलं.
‘आमचा पट्टा सैल झालाय ना,’ म्हणाले,
‘आमच्याकडे आधीपासूनच खाली वाजतं.’
मग जरा थांबून:
‘आणि गर्दी असू दे. कांबळे कुठे बसेल?’

शेवटची दोन वर्षं खुर्ची मीच फिरवत होते,
ते बसलेले असतानाच. काही वजन उरलं नव्हतं.

काल ओजस अकराही रेकॉर्डी घेऊन जायला येणार होता.
बाराव्या कव्हरचं काय ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
तो उशिरा येणार म्हणून मी चौथी लावली
आणि पहिल्यांदाच मधे बसले, दोन्ही कानांनिशी.
फार झालं ते. दोन्हीकडून एकदम.
सगळी पाळी एका दारातून सुटावी तसं.
हात बटणाकडे गेला. धूळ.
परत घेतला.

मग उजवीकडे, कर्र...
आणि मी सवयीने उठले,
खुर्चीच्या पाठीला हात लावला,
रिकामी ती, सहज फिरली.
खालून ओजसचा हॉर्न येत होता.
व्हायोलिनांचं अजून ऐकायचं होतं.